व्यवसाय : गृहिणी

धाकटी जाऊ आपल्याच रुग्णालयात, आपल्याच विभागात डॉक्टर म्हणून येणार हे कळलं, तेव्हा मोठीनं घरात सगळ्यांच्या आधी तिचं कौतुक केलं आणि मग मोरीत जाऊन एकच पातेलं बराच वेळ घासत बसली.

मोठी तिथल्या मूत्रविकार विभागात एकोणीस वर्षं होती. त्यातली शेवटची नऊ वॉर्डची मुख्य सिस्टर म्हणून. चाळीस खाटा, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त कायम मुतखड्याच्या रुग्णांनी भरलेल्या. दारातून आत येणाऱ्या माणसाकडे बघूनच ती सांगायची की याला खडा आहे. आतड्याचं दुखणं असलेला माणूस निपचित पडून राहतो, हलायला घाबरतो. खड्याचा माणूस एका जागी ठरत नाही. उठतो, बसतो, भिंतीला डोकं टेकतो, कमरेला हात लावून येरझारा घालतो. सोनोग्राफी नंतर. आधी मोठीचा डोळा.

घरातही तिचा तोरा होता. दोघे भाऊ एकाच घरात, मोठा खाली, धाकटा वर, आणि सासूबाई खालच्या पुढच्या खोलीत. शेजारपाजारचं कुणीही दुखलंखुपलं की मोठीकडे यायचं. ती पाय वर घेऊन खुर्चीत बसायची आणि डोळे बारीक करून रिपोर्ट वाचायची. धाकटी लग्न होऊन आली, पुढचं शिक्षण संपवून डॉक्टरीण झाली, आणि लोक मोठीच्या खुर्चीवरून थेट जिन्याकडे जायला लागले. जाता जाता विचारायचे, "वर आहेत का मॅडम?" मोठी म्हणायची, "आहेत, जा." एवढंच. पण ते 'जा' म्हणताना तिच्या जिभेला चव राहायची नाही.

एक गोष्ट तर तिच्या मनातून जाईना. काही वर्षांपूर्वी सासूबाईंना खडा झाला होता. लहान होता, आपोआप पडेल असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. मोठीनं अकरा दिवस त्यांना तासातासाला पाणी पाजलं आणि प्रत्येक वेळची लघवी पातळ फडक्यातून गाळली. अकराव्या दिवशी तिळाएवढा, काटेरी, तपकिरी खडा फडक्यावर सापडला. सासूबाईंनी तो एका छोट्या काचेच्या बाटलीत घालून कपाटात ठेवला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायच्या. धाकटी रुजू झाली त्याच महिन्यात त्यांनी बाटली कपाटातून काढून तिच्या हातात दिली.

"तुझ्या अभ्यासाला होईल," त्या म्हणाल्या, आणि मोठीकडे वळून, "तुला काय, तू रोजच बघतेस."

मोठी हसली. त्या हसण्याला तिला बरेच कष्ट पडले.

धाकटीचा अभ्यास मुतखड्याचाच होता. तीन वर्षांत दाखल झालेले सगळे प्रौढ रुग्ण घ्यायचे, वय, बाई की पुरुष, पत्ता, व्यवसाय, खड्याचा आकार, जागा, उपचार काय केला, पुन्हा झाला का, हे सगळं मांडायचं आणि या गावात खडे कुणाला आणि का होतात ते शोधायचं. ती मोठीकडे आली. घरी जसं 'ताई' म्हणायची तसंच वॉर्डातही म्हणाली आणि जुने केसपेपर मागितले. मोठीनं रेकॉर्डच्या खोलीतून गठ्ठे काढून दिले. कुणाचं अक्षर वाचता आलं नाही तर वाचून दिलं. मागितलं ते सगळं दिलं. न मागितलेलं काही दिलं नाही.

चार महिन्यांनी धाकटीपुढं एक कोडं उभं राहिलं. नऊशे चार रुग्ण. पुस्तकांप्रमाणे एका बाईमागे दोन, निदान दीड तरी पुरुष असायला हवे होते. पंचेचाळिशीच्या पुढं तसे होतेही. पण वीस ते पंचेचाळीस या वयात बायका पुरुषांपेक्षा जास्त निघाल्या. आणि त्यातल्या बहुतेकींचे पत्ते पाण्याच्या टाकीमागच्या वस्तीतले. व्यवसायाच्या रकान्यात एकजात एकच शब्द होता, गृहिणी.

धाकटी दोन दिवस त्याच विचारात होती. तिसऱ्या दिवशी जेवताना ती सगळ्यांना सांगायला लागली की या बायका दिवसभर घरी असतात, म्हणजे दिवसभर वस्तीतलंच पाणी पितात. पुरुष बाहेर कामावर, बाहेरचं पाणी पितात. वस्तीतल्या विहिरीचं पाणी तिनं तपासून घेतलं होतं आणि ते चांगलंच जड, क्षारांचं निघालं होतं. धाकटीचा नवरा म्हणाला, वा. सासूबाई म्हणाल्या, आमच्या डॉक्टरनं शोधून काढलं बघा. मोठीनं समोरचं ताट उचललं आणि आत गेली.

कारण मोठीला खरं माहीत होतं.

त्या बायका गृहिणी नव्हत्याच. नोंदणीच्या खिडकीवरचा कारकून पुरुषाला विचारायचा, काय करता? बाईला विचारायचाच नाही. बाई दिसली की गृहिणी लिहून मोकळा. आणि ज्या चारदोन बायकांना तो विचारायचा त्याही गृहिणीच म्हणायच्या, कारण त्यांना भीती होती. त्या वस्तीच्या पलीकडं कपडे शिवायचा एक मोठा कारखाना होता आणि या बायका तिथं शिलाईला होत्या. खोल्या जवळ म्हणून वस्तीत राहायच्या, एवढाच वस्तीचा संबंध. तीनशे बायकांना संडास दोन. त्यांची किल्ली सुपरवायझरच्या खिशात. जाणारीचं नाव आणि वेळ वहीत लिहिली जायची आणि आठवड्याला ज्यांची नावं जास्त, त्यांना सगळ्यांसमोर उभं करून बोललं जायचं. मग बायकांनी आपापला उपाय शोधला होता. सकाळी घरून निघाल्यापासून संध्याकाळी परत येईपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. वर पत्र्याचं छप्पर, बाजूला इस्त्रीची वाफ, घामानं अंग भिजलेलं. खडे होणार नाहीत तर काय.

हे मोठीला पुस्तकातून कळलं नव्हतं. बेडपॅन देताना, सलाईन बदलताना, एकेकीनं तिच्या कानात सांगितलं होतं. सगळ्यात आधी सांगितलं ते काजवालीनं. ही कारखान्यात शर्टांना काज करायच्या मशीनवर होती म्हणून तिचं नाव काजवाली. अडीच वर्षांपूर्वी तिच्या डाव्या मूत्रनलिकेत खडा अडकला होता. दुर्बिणीतून लेझरनं फोडला, आत काही आठवडे स्टेंट, म्हणजे बारीक नळी, ठेवली आणि मग काढली. तिला घरी सोडताना मोठीनं नेहमीचं सांगितलं की दिवसाला तीन लिटर पाणी प्यायचं, लघवी पाण्यासारखी दिसली पाहिजे, नाहीतर दहा वर्षांत निम्म्या लोकांना खडा परत होतो.

काजवाली हसली होती. "सिस्टर, प्यायला माझी ना नाही. पण ते सोडायचं कुठं, तेही सांगा."

मग तिनं सगळं सांगितलं, आणि हे कुठं लिहू नका, कामावरून काढतील, अशी गळ्याची शपथ घातली.

मोठीनं तेव्हाच विभागाच्या जुन्या प्रमुखांना आडून विचारून पाहिलं होतं, नाव न घेता, की बायकांना कामाच्या जागी लघवीला जाता येत नाही म्हणून असं होत असेल का. प्रमुख म्हणाले होते, सिस्टर, तुम्ही इंजेक्शनं वेळेवर दिली जातात का तेवढं बघा. त्या दिवसानंतर तिनं ते ज्ञान स्वतःजवळ ठेवून दिलं. आणि आता धाकटी चुकीच्या विहिरीपाशी उभी होती. मोठीला एक वाक्य बोलायचं होतं. ती रोज ठरवायची, उद्या सांगू. मग संध्याकाळी कुणीतरी दारात येऊन विचारायचं, वर आहेत का मॅडम, आणि उद्या पुढं जायचा. शपथेचं कारण हाताशी होतंच. मनातल्या मनात ती ते कारण रोज पुसून लखलखीत ठेवायची. पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तिला माहीत असायचं, शपथ ही नुसती सबब आहे. धाकटीनं एकदा तोंडावर आपटावं, एवढंच तिला हवं होतं.

धाकटीनं ओपीडीत सांगायला सुरुवात केली. वस्तीतल्या बायकांनी विहिरीचं पाणी पिऊ नये, मोठ्या रस्त्याच्या नळाचं आणावं. काजवाली पुन्हा कंबर दुखते म्हणून आली होती. उजव्या बाजूला सात मिलिमीटरचा खडा दिसत होता, पण ताप नव्हता, लघवी अडलेली नव्हती. धाकटीनं गोळ्या दिल्या, नळाच्या पाण्याचं समजावलं, दोन आठवड्यांनी बोलावलं. मोठी त्याच खोलीत रक्तदाब घेत होती. काजवालीनं एकदा तिच्याकडं बघितलं. मोठीनं पट्टा सोडवला आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली.

नवव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास काजवालीला तिच्या बहिणीनं रिक्षातून आणलं. हुडहुडी भरून दात वाजत होते, ताप एकशे चार, रक्तदाब खाली गेलेला. खडा मूत्रनलिकेत उतरून घट्ट बसला होता आणि वर अडलेल्या लघवीत पू झाला होता. अशा वेळी खडा काढत बसायचं नसतं. आधी कोंडलेलं बाहेर काढायचं. धाकटीनं वेळ घालवला नाही. सोनोग्राफीवर बघत तिनं पाठीतून सुई किडनीत घातली, सुईवरून नळी सरकवली. पिवळट दाट पू पिशवीत उतरायला लागला. मोठी तिच्या शेजारी उभी राहून एकेक वस्तू हातात देत होती. धाकटीचे हात सराईतपणे चालत होते. त्या घाईतही मोठीला तिच्या हातांचा हेवा वाटला, आणि मग स्वतःची इतकी शिसारी आली की ट्रेची कड तिनं घट्ट धरली.

बहीण दाराशी रडत होती. मोठी तिला पाणी द्यायला गेली तेव्हा ती सांगायला लागली. मॅडमनी सांगितलं म्हणून ही रोज पहाटे अर्धा कोस चालून नळाचं पाणी आणायची. हंडा भरून ठेवायची. आणि न पिता कामाला जायची.

तीन दिवस काजवाली अतिदक्षता विभागात होती. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि ती वाचणार हे नक्की झालं. त्या दुपारी धाकटी चादरींच्या खोलीत एकटीच उभी होती. मोठी आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

तिनं सगळं सांगितलं. कारखाना, किल्ली, वही, कारकुनाचा रकाना. ऐकता ऐकता धाकटीच्या चेहऱ्यावर आधी समजल्याचा आनंद आला, क्षणभरच, आणि मग तो मावळला.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"अडीच वर्षं."

"आणि मी चार महिने तुमच्या समोर बसून कागद चाळत होते."

मोठी म्हणाली, काजवालीनं शपथ घातली होती. बोलता बोलताच तिचं तिला ते वाक्य खोटं वाटलं. मग तिनं खरं सांगितलं. "तू मला विचारावंस म्हणून मी वाट बघत होते. आणि विचारू नयेस असंही वाटत होतं. तू चुकावंस, असं वाटत होतं मला. ती मरेल, असं नव्हतं गं वाटलं."

धाकटी रडली नाही आणि ओरडलीही नाही. ती म्हणाली, "मी राउंडला पलंगाशी गेले की बाया चादर गळ्यापर्यंत ओढून 'बरं आहे' म्हणतात. मी वळले की त्यांना वाचा फुटते. तुमच्याशी काय काय बोलतात, ते मला मागून ऐकू येतं. मी दहा वर्षं शिकले, ताई, आणि मला कुणी काही सांगत नाही. किती वेळा वाटलं, या बाईची बदली तरी व्हावी." तिनं दाराकडे हात नेला. "पण तुम्हाला येतं ते मी कधी दाबून ठेवलं नसतं."

धाकटी दार उघडून निघून गेली.

आठवडाभर दोघी कामापुरतं बोलल्या. घरात सासूबाईंनी विचारलं, काय झालंय तुमच्यात. दोघींनीही काही नाही म्हटलं, आणि तेवढ्यावर दोघींचं एकमत झालं. मग एका सकाळी धाकटी एक कोरा तक्ता घेऊन मोठीच्या टेबलाशी आली. या बायकांना काय विचारायचं आणि कसं, ते तुम्ही सांगा, म्हणाली. मोठी म्हणाली, कामाचं विचारूच नकोस. घरून किती वाजता निघता, दिवसातलं पहिलं पाणी कधी पिता, आणि मग जायचं झालं तर कुठं जाता, एवढं विचार. नाव लिहू नकोस. विचारणारीच्या हातात कागद दिसला की बाई गप्प होते. आधी बोलून घ्यायचं, कागद नंतर बाहेर जाऊन भरायचा.

पाच महिने मोठीनं हे केलं, नव्या दाखल होणाऱ्या आणि तपासणीला येणाऱ्या प्रत्येक बाईशी. एकशे अठ्ठेचाळीस तरुण बायकांत सत्त्याण्णव शिलाईवाल्या निघाल्या. त्यातल्या नव्वद जणी कामावर पाणी पीत नव्हत्या. वस्तीत घरोघरी विचारून पाहिलं, तर विहिरीचं पाणी पिणाऱ्या, पण घरीच असणाऱ्या बायकांत खड्याचं प्रमाण इतर गावापेक्षा वेगळं नव्हतं. धाकटीनं आपला आधीचा निष्कर्ष स्वतःच खोडून काढला. विभागाच्या बैठकीत उभं राहून, मी चुकले होते, असं म्हणाली. ते म्हणणं मोठीनं मागच्या रांगेतून ऐकलं.

नावं नसलेला तो अहवाल कारखाने तपासणाऱ्या खात्याकडे गेला. लगेच काही झालं नाही. दोन स्मरणपत्रं गेली, एक तपासणी आधी कळवून झाली आणि फुकट गेली, दुसरी न कळवता झाली. आठ महिन्यांनी किल्ली गेली, वही गेली, आणखी सहा संडास बांधले आणि मशीनच्या दर दोन रांगांमागे पाण्याचं पिंप आलं. सुपरवायझर तोच राहिला. पुढच्या वर्षी वॉर्डात तरुण बायका पुरुषांपेक्षा कमी झाल्या. खडे थांबले नाहीत, ते कधीच थांबत नाहीत, पण आकडे पुस्तकाच्या जवळ आले.

काजवालीला मात्र उशीरच झाला होता. खडा नंतर लेझरनं काढला, पण त्या उजव्या किडनीत जेमतेम दहा टक्के काम उरलं. डावी चांगली होती, म्हणून तिला रोजचं जगणं अवघड नव्हतं. ती कारखान्यात परत गेली नाही. घरीच मशीन घेऊन वस्तीतले कपडे शिवायला लागली.

शहरातल्या सगळ्या रुग्णालयांची एक सभा झाली, तिथं धाकटीनं हे काम मांडलं. पडद्यावर पहिलं नाव तिचं आणि दुसरं मोठीचं होतं. शेवटी एका पिकल्या केसांच्या डॉक्टरांनी विचारलं की केसपेपरवर गृहिणी लिहिलेलं असताना हा प्रश्न तुम्हाला सुचला कसा. धाकटी म्हणाली, "मला नाही सुचला. माझ्या जाऊबाईंना माहीत होतं, त्यांनी सांगितलं." लोकांनी मागं वळून बघितलं, टाळ्या वाजवल्या. मोठीला उभं राहावं लागलं. कधी सांगितलं, ते धाकटीनं सांगितलं नव्हतं. झाकलं होतं. इतक्या दिवसांनी नाव मिळालं होतं आणि मोठीला ते गिळवत नव्हतं. धाकटीच्या हातांचा हेवा केला होता, पदवीचा केला होता, आणि आता त्या भरल्या सभेत उभ्या उभ्या तिला धाकटीच्या मोठ्या मनाचाही हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मोठी टाकीमागच्या वस्तीत गेली. काजवालीची खोली शोधायला वेळ लागला नाही, मशीनचा आवाज बाहेर येत होता. काजवालीनं तिला बसायला स्टूल दिलं, चहा टाकू का विचारलं. मोठी नको म्हणाली. मग जे चादरींच्या खोलीत सांगितलं होतं तेच तिनं इथं पुन्हा सांगितलं. त्या दिवशी ओपीडीत मी तिथंच होते, मला माहीत होतं, मी बोलले असते तर तुला त्याच दिवशी दाखल करून घेतलं असतं, नाहीतर निदान कामावरून सुट्टीची चिठ्ठी तरी दिली असती.

काजवाली शिवता शिवता ऐकत होती. म्हणाली, "शपथ मीच घातली होती ना, सिस्टर?"

"घातली होतीस. पण मी शपथेसाठी गप्प नव्हते."

मशीन थांबलं. काजवालीनं दोरा दातानं तोडला, कपडा उलटून शिवण तपासली. मग पुढची तपासणी कधी आहे, एवढंच विचारलं. मोठीनं तारीख सांगितली.

त्या तारखेला काजवाली आली. एरवी ती आधी मोठीच्या टेबलाशी थांबायची, चार गोष्टी बोलायची. त्या दिवशी ती थांबली नाही. सरळ धाकटीच्या खोलीत गेली आणि दार लागलं. आतून तिचा आवाज ऐकू येत होता. ती भराभर काहीतरी सांगत होती, आणि धाकटी मध्ये मध्ये विचारत होती. मोठीनं गठ्ठ्यातून तिचा केसपेपर शोधला. व्यवसायाच्या रकान्यातला जुना शब्द खोडून 'शिलाईकाम' लिहिलं आणि कागद आत पाठवून दिला.